पित्त, नजर की नखरे?

मागच्या वर्षीच्या रमजान ईदची गोष्ट. नमाज होऊन घरोघरी भेटीगाठी सुरू झाल्या होत्या. आमच्या वर्गातल्या पाच-सहा मुली, सगळ्या सहावीच्या, ईद मुबारक करायला घरी आल्या. आम्ही शीरखुर्म्याच्या वाट्या पुढे केल्या. सगळ्यांनी घेतल्या, एकीने मात्र हात मागे ठेवला. "नको आपा, मला चालत नाही," ती हळूच म्हणाली. आम्ही हसून म्हटले, "ईदच्या दिवशी नाही म्हणायचे नसते बेटा. एक चमचा तरी घे." आपांचा शब्द मोडू नये म्हणून तिने दोन चमचे खाल्ले.

दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले. गळ्यावर आणि दंडावर गांधी उठल्या. मग उलटी झाली, खोकला सुरू झाला, आवाज घोगरा पडला. शेजारच्या भाईंनी रिक्षा काढली आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाहताक्षणी मांडीत इंजेक्शन दिले, सलाईन लावली. थोड्या वेळाने श्वास मोकळा झाला, पण घरी सोडायला संध्याकाळ झाली. अल्हम्दुलिल्लाह, मुलगी सुखरूप परतली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या अम्मीला विचारले, "असे पूर्वी कधी झाले होते का?" अम्मी म्हणाली, "अधूनमधून पित्त उठते. आमसुलाचे पाणी लावले की बसते." "कशाने उठते?" याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. दादी म्हणाल्या, दावतीला गेली की पोरीला नजर लागते. चाची म्हणाली, तिचे खाण्यापिण्याचे नखरेच फार. आणि आम्ही, वीस वर्षे मुलांना शिकवणारे, तिचे "नको" ऐकूनही न ऐकल्यासारखे केले होते.

पित्त, नजर आणि नखरे. आपल्या घरांत खाण्याची ॲलर्जी बहुतेक वेळा या तीन शब्दांखाली लपून राहते. म्हणून या महिन्यात या सदरातून हाच विषय घेत आहोत.

ॲलर्जी कोणती, आणि कोणती नव्हे

आपले शरीर रोगजंतूंशी लढते. कधी कधी ते एखाद्या निरुपद्रवी अन्नातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. त्या झटापटीत हिस्टामिनसारखी द्रव्ये रक्तात सुटतात. मग खाज, गांधी, सूज, उलटी, धाप यांपैकी काही ना काही दिसते. अशी ॲलर्जी सहसा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत उमटते. तिला प्रमाण लागत नाही, चमच्याला लागलेला अंशही पुरतो. गेल्या वेळी नुसती खाज आली म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावर भागेल, असेही नसते.

पण खाल्ल्यावर त्रास झाला की ती ॲलर्जीच, असे मात्र नाही. तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात.

पहिली, दूध न पचणे. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य मोठेपणी अनेकांत कमी होते. पेलाभर दूध प्यायले की पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. पण चहापुरते दूध किंवा वाटीभर दही चालते. हा त्रास आहे, जिवाला धोका नाही.

दुसरी, गव्हाचा सिलिॲक नावाचा आजार. यात गांधी उठत नाहीत. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर हळूहळू झिजते. मूल वाढत नाही, पोट पुढे येते, जुलाब थांबत नाहीत, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. कधी कधी एवढी एकच खूण दिसते, पंडुरोग. अशी शंका आली तर तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्ततपासणीत आजार दिसत नाही आणि निदान चुकते. आजार ठरलाच तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाची भाकरी आपल्या घरात आहेच. पण खिचडा आणि हलीममधला गहू, शेवया, रव्याचा हलवा हे सगळे वर्ज्य होते. आणि बाजारातल्या डबीबंद हिंगात पीठ मिसळलेले असते, बहुधा गव्हाचेच, हे फार थोड्यांना माहीत असते.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावरच्या घरांसाठी. बांगडा किंवा कुपा खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, आणि एकाच ताटातल्या दोघा-तिघांना एकदम होते. हा बहुधा शिळ्या मासळीचा दोष असतो. बर्फाविना राहिलेल्या अशा मासळीत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. तीच मासळी ताजी खाल्ली की काही होत नाही. एकट्यालाच, आणि दर वेळी, ताज्या मासळीनेही झाले तर मात्र ॲलर्जीची शंका घ्यावी.

वहीने लावलेला शोध

आता पुन्हा आमच्या विद्यार्थिनीकडे. डॉक्टरांनी तिच्या अम्मीला सांगितले, "जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी करूच, पण आधी मला माहिती द्या. लिहून आणा." आम्ही शाळेची एक वही दिली आणि पानावर चार रकाने आखून दिले. किती वाजता खाल्ले, काय खाल्ले (मसाला आणि तेलासकट), काय झाले आणि किती मिनिटांनी झाले, त्या दिवशी वेगळे काय होते (ताप, औषध, धावपळ). जुने प्रसंगही आठवून लिहायला सांगितले.

पाच आठवड्यांनी आम्ही ती वही पाहायला बसलो. घरात मटण, कोंबडी, अंडी, कोळंबी, दूध सगळे चालत होते. त्रासाचे सगळे जुने प्रसंग घराबाहेरचे होते. खालाच्या लग्नातला कोर्मा, शेजारच्या अकीक्याची बिर्याणी, एका वाढदिवसाचे आइस्क्रीम आणि आमचा शीरखुर्मा. दादी म्हणाल्या, "बघा, दावतीतच होते." दादींनी प्रसंग बरोबर टिपला होता, कारण तेवढे वेगळे होते. लग्नाच्या आचाऱ्याला विचारले तेव्हा कळले की कोर्मा काजूच्या वाटणात केला होता. घरी अम्मी वाटण करते खोबरे आणि खसखशीचे, कारण काजू महाग. आइस्क्रीम पिस्त्याचे होते. त्यांच्या घरच्या शीरखुर्म्यात खजूर, खोबरे आणि बदाम असतो, आमच्या शीरखुर्म्यात काजू, पिस्ता, चारोळी सगळे होते.

तपासणीत काजू आणि पिस्ता दोन्ही निघाले, बदाम आणि शेंगदाणा निघाला नाही. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले आहेत, म्हणून एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याची बहुधा असतेच. चारोळीही त्याच कुळातली, म्हणून डॉक्टरांनी तीही बंद केली. शेंगदाणा दिसायला सुक्या मेव्यासारखा, पण तो कडधान्यांच्या कुळातला. कोकणातल्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. काजूच्या टरफलाचा चीक हाताला लागून फोड येतात तो प्रकार वेगळा, ही खाण्यातली ॲलर्जी वेगळी.

सगळ्यांत वाईट वाटले ते एका गोष्टीचे. त्या मुलीने पूर्वी दोनदा घरी सांगितले होते की ते खाल्ले की तोंडात खाज येते आणि घसा आवळतो. लहान मुले ॲलर्जी हा शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, "तिखट लागते," "जीभ टोचते," "घशात काहीतरी अडकले." तिखट नसलेल्या पदार्थाला मूल तिखट म्हणत असेल तर त्याला दटावण्याआधी वही उघडावी.

रमजानमध्ये ही वही ठेवणे आणखी सोपे. खाण्याच्या वेळा ठरलेल्या, सहरी आणि इफ्तार. मात्र इफ्तारला दहा घरचे दहा पदार्थ एकदम पोटात जातात, तेव्हा नावे त्याच रात्री लिहावीत. सकाळी आठवत नाहीत.

तपासणी कोणती करावी

आधी हकीकत, मग तपासणी, हाच क्रम. हकीकतीवरून डॉक्टर ठरवतात की कोणत्या दोन-चार पदार्थांची तपासणी करायची. हातावर थेंब टाकून बारीक टोचून पाहतात, किंवा रक्तातले आयजीई मोजतात. यात होकार आला तरी तेवढ्यावर ॲलर्जी सिद्ध होत नाही. पुष्कळांच्या तपासणीत होकार येतो, पण तो पदार्थ खाऊन त्यांना काहीही होत नाही. शंका उरलीच तर दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे थोडे खायला देऊन पाहतात. सर्वांत खात्रीची परीक्षा तीच, आणि ती घरी करायची नसते.

हल्ली एका रक्ततपासणीत शे-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यातल्या बऱ्याच तपासण्या आयजीजी मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याचे आयजीजी रक्तात असतेच, तो आजार नव्हे. जगभरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्था या तपासणीवरून निदान करू नका असे सांगतात. अशी यादी हातात घेऊन मुलाचे दूध, अंडी, गहू, डाळ एकदम बंद केल्याने मूल कुपोषित होते आणि खरे कारण सापडत नाही ते नाहीच.

त्रास सौम्य असेल, उदाहरणार्थ नुसते पोट दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून एकच संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहता येतो, आणि नंतर पुन्हा सुरू करून पाहता येतो. पण ज्याला एकदा सूज किंवा धाप आली, त्याच्यावर "थोडे देऊन बघू" हा प्रयोग घरात कधीही करू नये.

भीतीपोटी तान्ह्या बाळाला पदार्थच न देणे हाही उपाय नव्हे. २०१५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंगावर तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे त्यात होती. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दिले नाहीत. न दिलेल्यांत दर शंभरी सुमारे १७ मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, दिलेल्यांत सुमारे ३. तेव्हा वरचे खाणे सुरू झाले की हे पदार्थ मऊ करून, बारीक वाटून बाळाला द्यावेत. अख्खा दाणा देऊ नये, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

पाकिटावरची आणखी एक ओळ

पाकीट उलटून वाचण्याची सवय आपल्या घरांना आहे. जिलेटीन आहे का, चरबी कशाची आहे, हे आपण पाहतोच. त्याच ठिकाणी आणखी एक ओळ वाचायची. आपल्या देशाच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुका मेवा, सोयाबीन, तसेच ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट पदार्थात असेल तर पाकिटावर तसे छापावे लागते. मात्र तीळ आणि बेसन त्या यादीत नाहीत. ज्यांना त्यांचा त्रास आहे त्यांनी घटकांची सगळी यादी वाचावी.

नावे बदलून येतात. केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूध. अल्ब्युमिन म्हणजे अंडे. शोरम्यातल्या मेयोनीजमध्ये अंडे असू शकते. कबाब बांधायला ब्रेडचा चुरा, अंडे किंवा डाळीचे पीठ असते. भरल्या वांग्यात, चटणीत, उसळीत दाण्याचा कूट असतो. सुकटीच्या आणि जवळ्याच्या चटणीत कोळंबीचेच भाऊबंद असतात. कोळंबीचे ते प्रथिन वाळवून, तळून, शिजवूनही टिकते, आणि काहींना तर शिजताना निघणाऱ्या वाफेनेही त्रास होतो. इफ्तारला ज्या तेलात कोळंबीची भजी तळली त्याच तेलात नंतर बटाट्याची तळली, तर ती भजी अशा माणसासाठी कोळंबीचीच झाली.

सुट्या मिठाईला आणि बेकरीच्या मालाला तर लेबल नसतेच. पिस्त्याच्या कातरणाच्या नावाखाली हिरवा रंग दिलेले शेंगदाणे विकल्याचे प्रकार पकडले गेले आहेत. ज्या घरात ॲलर्जीचे मूल आहे त्या घराने मेवा अख्खा आणावा आणि घरी कापावा.

जीव वाचवणारी पाच मिनिटे

नुसत्या गांधी किंवा नुसती खाज असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी पुरते. पण मुलावर नजर ठेवावी. पुढीलपैकी काही दिसले तर एक क्षणही दवडू नये: धाप, शिट्टीसारखा श्वास, घोगरा आवाज, जीभ किंवा घसा सुजणे, चक्कर, ग्लानी, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या.

अशा वेळी १०८ ला फोन करा, किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवा. धाप फार असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. एकदम उभे करू नका, चालवू नका. यावरचे खरे औषध ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, तेही मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आणि लवकर. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण श्वास वाचवत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन घरी ठेवायला दिले असेल तर ते कसे द्यायचे हे घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावे. बरे वाटले म्हणून लगेच घरी परतू नये. काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणूनच आमच्या मुलीला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले होते.

दुआ जरूर करावी. नजर उतरवायची तर दुआ पढून दम करावा, पण तो रिक्षात बसल्यावर. सहरीनंतर असा त्रास झाला तर रोजाचा विचार करत थांबू नये. आजाऱ्याला रोजा नंतर भरून काढण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

दस्तरखानावर

खरे अवघड काम यापुढचे आहे. काजू ओळखला, पाकीट वाचले, पण आग्रहाचे काय? आपल्याकडे मेहमानाच्या ताटात आणखी एक पळी वाढणे ही मोहब्बत, आणि नाही म्हणणे हा अपमान. आम्हीही तेच केले होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या दस्तरखानावर एकदा घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस आले. त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे का, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी नाही सांगितले. त्यांच्या प्रदेशात ते खाल्ले जात नसे, म्हणून मन घेत नव्हते एवढेच. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ते तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ले. कोणी आग्रह केला नाही, कोणाचा अपमान झाला नाही. केवळ मन घेत नाही म्हणून हात मागे घेणे चालते, तर जिवाला धोका असताना एका लेकराचे "नको" का चालू नये?

म्हणून काही साध्या गोष्टी. वाढण्याआधी विचारावे, "कोणाला काही चालत नाही का?" वलीम्याला, अकीक्याला आचाऱ्याकडून वाटण कशाचे ते विचारून घ्यावे आणि कोणी विचारले तर सांगावे. एका ताटात सगळे मिळून जेवण्याची बरकत आम्हीही मानतो, पण ॲलर्जीच्या मुलाचे ताट वेगळे असेल तर त्याला टोमणा मारू नये. त्याचे ताट आधी वाढावे, वेगळ्या पळीने. हात पाण्याने नुसते न भिजवता साबणाने धुवावेत.

शाळेतही हेच. वर्षाच्या सुरुवातीला आई-वडिलांनी वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्यावी: कशाची ॲलर्जी, काय दिसले तर काय करायचे, कोणाला फोन करायचा. तिची एक प्रत दप्तरात असावी. आम्ही शिक्षक मुलांना डबा वाटून खायला शिकवतो. आता सोबत हेही शिकवतो की देण्याआधी विचारायचे, आणि समोरचा नको म्हणाला तर हसायचे नाही.

यंदाच्या ईदला ती मुलगी पुन्हा आली. आता ती सातवीत आहे. आम्ही सकाळी आधी तिचा शीरखुर्मा केला, खजूर, खोबरे आणि बदामाचा, धुतलेल्या वेगळ्या पातेल्यात, आणि झाकून ठेवला. मग बाकीच्यांचा. वाटी हातात दिल्यावर तिने विचारले, "यात काय काय आहे आपा?" आम्ही एक एक नाव सांगितले. तिने ऐकून घेतले, बिस्मिल्लाह म्हटले आणि खाल्ले. तिच्या मैत्रिणींपैकी एकीने आपली वाटी खाली ठेवली आणि विचारले, "आपा, माझ्या वाटीत काय आहे?" तिला अंड्याने खाज येते, असे तिने त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितले. वहीचे एक पान आम्ही तिलाही आखून दिले आहे.